चौथ्या मैलापुढचा तारा

आधीच सांगून टाकतो, या हकिगतीत जी चूक आहे ती माझी आहे. आमच्या रस्त्यांच्या खात्यात चूक कबूल करायची पद्धत नव्हती. ती वरून खाली ढकलायची असे, आणि सगळ्यांत खाली असायचा मैलकुली. त्याच्या खाली कुणीच नसल्यामुळं ती त्याच्याच डोक्यावर बसायची. तिप्पण्णानं मात्र ती डोक्यावर घ्यायला साफ नकार दिला. ती त्याच्या डोक्यावर ठेवणारा कारकून मी, महिपती.

मैलकुली म्हणजे रस्त्याच्या ठरलेल्या तुकड्याचा धनी. खड्डा पडला की मुरूम टाकून बुजवायचा, कडेची गटारं मोकळी करायची, झाडांना आणि मैलाच्या दगडांना चुना लावायचा, दगडावरचा आकडा काळ्या रंगानं उजळायचा. सोलापूरहून अक्कलकोटकडं जाणाऱ्या रस्त्याचे नाक्यापासूनचे पहिले पाच मैल तिप्पण्णाकडं होते. सतरा वर्षं रोज तो ते चालत होता आणि सतरा वर्षं तो रोजंदारीवरच होता. चाळिशी ओलांडलेला, काटक, कपाळाला विभूती, डोक्याला मुंडासं. घरी कानडी, रस्त्यावर मराठी. शिक्षण चौथीपर्यंत, पण कोष्टकं तोंडपाठ. बारा इंचांचा फूट, तीन फुटांचा यार, दोनशे वीस यारांचा फर्लांग, सतराशे साठ यारांचा मैल. चुना लावता लावता त्यानं एकदा हिशेब मांडला होता की मैलात इंच किती. त्रेसष्ट हजार तीनशे साठ. हा आकडा त्याला कुणी विचारला नव्हता आणि कधी कामाला येईल असंही त्याला वाटलं नव्हतं.

तो आकडा कामाला आला १९७३च्या शेवटी. त्या हिवाळ्यात धूमकेतू येणार म्हणून सगळीकडं बोंबाबोंब झाली होती. दिवस मावळला की माणसं गच्चीवर जाऊन माना मोडून घेत. दिसायचं काही नाही, पण वर्तमानपत्रं भरभरून छापत होती. तिप्पण्णा भाकरीबरोबर आलेला कागदसुद्धा वाचून मगच टाकायचा. त्याला तीन दिवसांत तीन कागदांवर त्याच धूमकेतूचं अंतर तीन तऱ्हांनी दिसलं. एकात मैल, एकात किलोमीटर आणि एकात कसलं तरी खगोलीय एकक. दुसरा कुणी असता तर त्यानं तिन्ही कागदांनी हात पुसले असते. हा ते घडी करून मुंडाशात खोचून हिंडला.

दुसऱ्या मैलाच्या दगडापाशी एक हायस्कूल होतं. तिथं विज्ञान शिकवणाऱ्या पार्वतम्मा बाई रोज सकाळी एसटीतून उतरायच्या. तिप्पण्णानं त्यांना गाठलं.

"बाई, आंतर एक आन् आकडे तीन. खरं कुटलं?"

"तिन्ही खरे," बाई म्हणाल्या. "तुम्ही यारात मोजता, फुटात मोजता, तसंच. सूर्यापासून पृथ्वी नऊ कोटी तीस लाख मैल. तेवढ्याला एक खगोलीय एकक म्हणायचं. धूमकेतू, ग्रह, यांना ते पुरतं. तारे फार लांब, त्यांना प्रकाशवर्ष. प्रकाश वर्षभरात जेवढा जातो तेवढं अंतर."

"म्हंजी किती?"

"पाच लाख अठ्ठ्याऐंशी हजार कोटी मैल."

"आसं नका सांगू. एका परकाशवर्सात ती एककं किती बसत्यात, ते सांगा."

बाईंनी वही काढली आणि पुस्तकातला आकडा शोधला. त्रेसष्ट हजार दोनशे चाळीस.

तिप्पण्णाच्या हातातलं खोरं खाली पडलं म्हणे. हे मला बाईंनीच पुढं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, मैलात इंच बी तितकंच की! फकस्त एकशेवीस जास्त. दहा फूट!"

बाई आधी हसल्या. मग त्यांनी वहीत गुणाकार केला आणि हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "जमतंय खरं. पण हा निव्वळ योगायोग आहे हं तिप्पण्णा."

"आसंना. माप तर जमलं."

पुढच्या पंधरा दिवसांत त्यानं आपल्या पाच मैलांत जे केलं, त्यावरून सगळं रामायण घडलं. नाक्यापासल्या शून्याच्या दगडावर त्यानं काजळीनं सुईच्या टोकाएवढा ठिपका दिला. हा सूर्य. त्याच्यापासून एक इंचावर पृथ्वी. सव्वापाच इंचांवर गुरू, साडेनऊ इंचांवर शनी. तिथं दगड संपला, म्हणून उरलेले तीन ग्रह शेजारच्या कट्ट्यावर गेले. शेवटचा चाळीस इंचांवर, म्हणजे सूर्यापाशी उभं राहून हात लांब केला की जेमतेम पोचतो तेवढ्यावर. मग काही नाही. रस्ता, बाभळी, एसटी, बैलगाड्या, पण आकाशातलं काही नाही. पहिल्या मैलाच्या दगडावर आकड्याखाली लिहिलं, 'प्रकाश १ वर्ष, १० फूट अलीकडे.' दुसऱ्यावर दोन वर्षं, वीस फूट. बाईंनी आणखी एक मोठं माप सांगितलं होतं, पार्सेक, म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षांहून किंचित जास्त. ते तिसऱ्या मैलानंतर दोन फर्लांग आणि एकोणतीस फुटांवर आलं. तिथं बाभूळ होती, तिला चुन्याचा पट्टा मिळाला.

सगळ्यांत जवळचा तारा चार पूर्णांक तीन प्रकाशवर्षं. चौथा दगड ओलांडून दोन फर्लांग आणि चौऱ्याहत्तर यार. तिथं ना दगड ना झाड. तिप्पण्णानं खाणीवरचा एक टाकाऊ दगड डोक्यावरून वाहून आणला, स्वतः पुरला, त्याला चुना लावला आणि त्यावर तारा काढला.

लोकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. गाडीवान हाक मारून विचारायचे, "तिप्पण्णा, तारा हितनं हालला का रं?" आमचा मुकादम बसलिंगप्पा म्हणाला, "खड्डं बुजीव, आभाळ बुजवू नगं." तिप्पण्णा आपला चुना लावत राही. पण पार्वतम्मा बाईंनी नववीचा वर्ग शून्यापासून ताऱ्यापर्यंत चालत नेला, आणि परत येताना पोरं गप्प होती, हे त्यानं मला स्वतः सांगितलं. "चार मैल काय बी न्हाय म्हनल्यावर पोरं भ्याली भाऊसाब. मी बी पयल्यांदा भ्यालतो. मग राग आला. एवढं लांब ठिवलंय, तर मोजल्याबिगर सोडतोय व्हय!"

आता माझ्याकडं येतो. मैल कायद्यानं मरून बरीच वर्षं झाली होती, पण आमच्या बाजूच्या रस्त्यांवर त्याचे दगड तसेच होते. ते उपटून किलोमीटरचे बसवायची पाळी १९७४ साली आली. वरून सक्त परिपत्रक आलं की यापुढं कोणत्याही सरकारी कागदावर 'मैल' हा शब्द दिसता कामा नये. छापील नमुने मात्र जुनेच, गोदामभर पडलेले. म्हणून खात्यानं रबरी शिक्का पाठवला. त्यावर दोनच अक्षरं, 'कि.मी.' आधी आकड्याला दीडपटीच्या वर थोडं गुणायचं, तो नवा आकडा लिहायचा आणि मग छापील 'मैल'वर जांभळा शिक्का हाणायचा. दोन महिने मी दुसरं काही केलं नाही. पुढंपुढं तर 'मैल' दिसला की डोक्याला न विचारताच हात उठायचा.

फेब्रुवारीत नवे उपअभियंता साहेब पाहणीला निघाले. तरुण, पुण्याकडचे, कमरेला गुणाकार-भागाकाराची सरकपट्टी लावून हिंडणारे. पाहणीत त्यांना सरकारी दगडांवर प्रकाशवर्षं दिसली. साहेबांचा पारा चढला. तिप्पण्णाला कचेरीत बोलावलं गेलं, आणि त्याचा जबाब मी लिहून घेतला. 'शून्याच्या दगडावर सूर्य धरला. सूर्य ते पृथ्वी एक इंच. प्रकाशवर्ष एक मैल.' त्यानं अंगठा न देता सही केली, वळणदार अक्षरात. तो गेला. मी कागद साहेबांकडं पाठवायला उचलला, त्यावर 'मैल' दिसला, आणि माझा हात उठला.

आकडा बदललाच नाही. एकाचा एकच राहिला. इंच तसाच, मैलाचा किलोमीटर झाला.

साहेब हुशार होते, हे मान्य करायला हवं. त्यांनी जबाब नुसता वाचला नाही, तपासला. किलोमीटरचे लाख सेंटीमीटर, इंचाचे दोन पूर्णांक चोपन्न, म्हणजे किलोमीटरात इंच एकोणचाळीस हजारांच्या घरात. हवे त्रेसष्ट हजार. चोवीस हजारांची तूट! साहेबांनी हिरव्या शाईत शेरा मारला, 'सरकारी दगडांवर निरर्थक व चुकीचे आकडे रंगवून जनतेची दिशाभूल.' आणि मला सांगितलं, याच शब्दांत माफीनामा लिहून त्याची सही घ्या.

एरवी त्या माफीनाम्याला कुणी विचारलं नसतं. पण रोजंदारीवरच्या जुन्या मजुरांना कायम करायची यादी मार्चअखेर वर जायची होती. यादीत तिप्पण्णाचं नाव पहिलं होतं. माफीनामा फायलीला लागला की नाव वर जाणार, नाही लागला की यादीतून गळणार. सतरा वर्षांनंतर आलेली ही संधी पुन्हा केव्हा येईल ते देव जाणे.

मी माफीनामा पुढं केला. तिप्पण्णानं तो सावकाश वाचला.

"रंग लावला, ते कबूल," तो म्हणाला. "सरकारचा दगड, माजा रंग, चूक हाय. पर आकडा चुकला न्हाय."

"अरे बाबा, शब्द आहेत नुसते. सही कर आणि मोकळा हो."

"इल्ला."

त्याला राग आला की 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून कानडीतच यायचा. त्या महिन्यात मी तो पुन्हापुन्हा ऐकला. बसलिंगप्पानं समजावलं, इल्ला. साहेबांनी दम भरला की कामावरूनच काढीन, तरी इल्ला. मला त्याचा भयंकर राग आला. वाटलं, काय हा माजोरी माणूस! हातातोंडाशी आलेला घास एका शब्दापायी घालवतो. मी एवढी वर्षं खात्यात कुठले कुठले शब्द गिळले होते, आणि याला एक गिळवत नाही!

शेवटी मी त्याच्या बायकोचा आधार घ्यायचं ठरवलं. गुरम्मा दुपारी त्याची भाकरी घेऊन कचेरीवरून जायची. तिला थांबवून सगळं सांगितलं. म्हटलं, वहिनी, तुम्ही तरी चार शब्द सांगा. तिनं ऐकून घेतलं, फडक्याची गाठ घट्ट केली आणि विचारलं, "आकडा चुकलाय का पर?"

"साहेब म्हणतात चुकलाय."

"तुमी मोजलाव?"

मी मोजला नव्हता.

"मग मोजा की. सतरा वरसं त्यो त्या रस्त्यावर हाय. त्याच्यावानी कुनाला ठावं हाय तितलं?" आणि ती निघून गेली. मला चार शब्द मिळाले, ते असे.

मार्चचे शेवटचे चार दिवस राहिले तेव्हा तिप्पण्णा आपणहून कचेरीत आला. म्हणाला, "भाऊसाब, सायेब कुटं चुकलाय म्हनत्यात ते तरी कळू द्या. माजा जबाब वाचून दावा."

मी फाईल काढली आणि मोठ्यानं वाचू लागलो. "सूर्य ते पृथ्वी एक इंच. प्रकाशवर्ष एक किलोमीटर."

"किलोमीटर?" तो म्हणाला. "मी मैल म्हनलो."

मी कागद उजेडाला धरला. जांभळ्या शिक्क्याखाली माझ्याच अक्षरातला 'मैल' स्पष्ट दिसत होता.  महिनाभर मी ज्या माणसाला हट्टी, माजोरी, वेडा ठरवत होतो, तो पहिल्या दिवसापासून बरोबर होता, आणि ती चोवीस हजारांची तूट माझ्या मनगटातून आली होती.

खरं सांगायचं तर मला लगेच शहाणपण सुचलं नाही. भीती सुचली. माझ्या बढतीचे दिवस होते. मी हळू आवाजात म्हटलं, "तिप्पण्णा, झालं ते झालं. तू सही कर. तू कायम होशील, मीही वाचेन. आकडा बरोबर आहे हे आपल्या दोघांना ठाऊक आहेच की."

 आवाज चढवला नाही त्यानं. "तुमी सायबाला सांगा. म्या सांगितलं तर मजुराला काय कळतंय म्हनतील. न्हाय सांगितलं तरी म्या सही करनार न्हाय. मला कायम नगं. पर ज्यो आकडा पोरान्ला दावला, त्यो खोटा हाय म्हनून लिवून देनार न्हाय."

तो बाहेर व्हरांड्यात जाऊन बसला. मी फाईल हातात घेऊन उभा राहिलो. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त चीड आली, स्वतःची. एक रोजंदारीवरचा माणूस सतरा वर्षं पणाला लावतो आणि मी एक बढती लावू शकत नाही! त्याच तिरमिरीत साहेबांच्या खोलीत शिरलो आणि कागद पुढं टाकला. "साहेब, शिक्का माझा. चूक माझी. त्यानं मैल सांगितला होता."

साहेबांनी शिक्क्याखालचं अक्षर पाहिलं. सरकपट्टी काढली, सरकवली, पुन्हा सरकवली. चेहरा लाल झाला. पण साहेब शेवटी साहेबच. ते बाहेर व्हरांड्यात आले आणि तिप्पण्णाला म्हणाले, "मैल आता कायद्यात नाही. चालू मापात बसवून दाखव, तर मानीन."

तिप्पण्णा उठला नाही. व्हरांड्याच्या कडेला चुन्याचं घमेलं होतं. त्यात बोट बुडवून तो फरशीवर लिहू लागला. "सूर्व्या ते पिरथवी एक शेंटीमीटर धरा. परकाशवर्स त्रेसष्ट हजार दोनशे चाळीस शेंटीमीटर. म्हंजी सहाशे बत्तीस मीटर आन् वर चाळीस शेंटीमीटर. पार्शेक दोन किलोमीटर बासष्ट मीटर, वर पासष्ट शेंटीमीटर. तारा..." इथं तो थोडा थांबला, बोटावर मोजलं. "दोन किलोमीटर सातशे एकोनीस मीटर. तुमच्या नव्या दगडाला कुटंच जुळत न्हाय, तरी बी आकडा बरोबर हाय. माप तुमचं घ्या न्हायतर माजं घ्या सायेब, तारा काय जवळ यायचा न्हाय."

साहेब सरकपट्टीवर बघत होते. कचेरीतली सगळी माणसं दारात जमली होती. बसलिंगप्पासुद्धा. कुणी हसलं नाही.

"बरं," साहेब म्हणाले. "चुकीचे हा शब्द काढा. 'निरर्थक आकडे' एवढंच ठेवा."

"निरर्थक म्हंजी?" तिप्पण्णानं मला विचारलं.

"ज्याला अर्थ नाही ते."

"इल्ला," तिप्पण्णा म्हणाला.

साहेब खोलीत गेले, परत आले आणि त्याच्यापुढं कोरा कागद आणि पेन ठेवलं. "तूच लिही."

त्यानं मांडीवर कागद घेऊन लिहिलं. तीन ओळी. 'सरकारी दगडावर परवानगी न घेता रंग लावला. ही माझी चूक झाली, माफी असावी. आकडा बरोबर आहे.' खाली सही.

"तिसरी ओळ माफीनाम्यात चालत नाही," साहेब म्हणाले.

"मग फाडा."

साहेबांनी फाडला नाही.  मग तिथंच, उभ्याउभ्या, भिंतीवर टेकवून हिरव्या शाईत लिहिलं, 'आकडा तपासला. बरोबर आहे.' आणि सही ठोकली. त्यांच्याबद्दल मी आयुष्यात जे काही बरं बोललो असेन, ते त्या एका ओळीमुळं.

यादी वेळेत गेली. मला 'सरकारी कागदपत्रात हयगय' म्हणून मेमो मिळाला आणि बढती दोन वर्षं लांबली. माझ्या सगळ्या नोकरीतला तो एकच मेमो, आणि मला त्याचं काडीइतकंही वाईट वाटलं नाही. मैलाचे दगड तिप्पण्णाला स्वतःच्या हातानं उपटावे लागले. तो हुकूम होता आणि त्यानं तो पाळला. ताऱ्याचा दगड मात्र राहिला. काढायच्या दगडांच्या यादीत त्याची नोंदच नव्हती. जो दगड कागदावर नाही तो काढायचा कसा, असं मी साहेबांना लेखी कळवलं. उत्तर आलं नाही.

जूनमध्ये कायम केल्याचा हुकूम आला. मी तो घेऊन त्याच्या घरी गेलो. हुद्दा छापील होता, 'मैलकुली'. मैल मेला होता, पण खात्याला त्याच्या कुलीचं नाव बदलायचं सुचलं नव्हतं. या एका 'मैल'वर मी शिक्का मारला नाही. तिप्पण्णानं हुकूम वाचला, गुरम्माकडं दिला आणि तिनं तो पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली ठेवून दिला.

मग तो म्हणाला, "भाऊसाब, त्यो दुसरा कागद बी द्या की. सायबानं हिरव्या शाईनं लिवल्याला."

तो फायलीतून देता येत नव्हता. मी नक्कल करून दिली, हिरव्या ओळीसकट, आणि खाली 'खरी नक्कल' म्हणून कचेरीचा शिक्काही मारला. आठ दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा ती नक्कल काचेच्या चौकटीत, देवाच्या तसबिरीशेजारी खिळ्याला टांगलेली होती. माफीनामा भिंतीला लावणारा माणूस मी आयुष्यात तो एकच पाहिला.